सगळ्यांत लहान वचन

आमच्या रस्त्यावरची गुलाबी झाडं परवा फुलली. बनशंकरीत फेब्रुवारीच्या अखेरीला हे दरवर्षी होतं. आधी पानं जातात, मग आठवडाभर काळ्या फांद्या नुसत्या उभ्या राहतात, आणि एका सकाळी दूध आणायला बाहेर पडावं तर झाडावर पान एक नाही, सगळं गुलाबी. नवी माणसं थांबून फोटो काढतात. मी खाली बघत चालते, कारण पडलेली फुलं पायाखाली चिरडली की भिजल्या कागदासारखा वास येतो आणि तो मला सहन होत नाही. झाडं फुलली म्हणजे लेंट आला, ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस. लेंट आला की मी कपाटाच्या खालच्या खणातली एक वही काढते, पुसते, टेबलावर ठेवते, आणि ईस्टर झाल्यावर न उघडता परत ठेवते.

यंदा ती उघडावी लागली. तारा, तुझ्या तक्रारीमुळे.

"आजी, नोहा चीटिंग करतो," तू फोनवर म्हणालीस. "दर शुक्रवारी तेच ते दोन शब्दांचं वचन. नियम तुझा आहे ना? मग तूच सांग त्याला."

मागून नोहा ओरडला, "ते पण वचनच आहे!"

नियम माझा आहे, हे खरं. म्हणजे निकालही मीच द्यायला हवा. पण बत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवल्यामुळे मला खोड आहे, की उत्तर लिहायचं तर आधी रीत दाखवायची. हे पत्र तुमची आई, करुणा, तुम्हाला वाचून दाखवेल. मध्येच कुठे थांबली, तर तिला थांबू द्या.

तुम्ही तिकडे मेलबर्नला शुक्रवारी संध्याकाळी जे करता, ते इथे आमच्या घरात सुरू झालं. नव्वदच्या दशकात बेंगळुरूत आम्ही मराठी ख्रिस्ती सात-आठच घरं होतो, बहुतेक नगरकडची, नोकरीसाठी आलेली. रविवारी चर्चमध्ये सगळं इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये. म्हणून लेंटमधल्या दर शुक्रवारी पाळीपाळीने एकेका घरी मराठी प्रार्थनासभा. गाणी व्हायची, प्रार्थना व्हायची, आणि शेवटी सगळ्यांनी गोल बसून एकेकाने शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, एक वचन तोंडपाठ म्हणायचं. डावीकडून उजवीकडे. मग चहा.

त्यात शिस्त आणली मी. एका लेंटमध्ये एक वचन दोनदा यायचं नाही, म्हणून वही केली, आणि कुणी काय म्हटलं ते त्यात पूर्ण लिहून ठेवायला लागले. दुसरा नियम लहान वचनाचा. मित्राच्या कबरीपाशी प्रभू रडला, एवढंच सांगणारं ते दोन शब्दांचं वचन प्रत्येक मूल आधी शिकतं आणि मग सोडतच नाही. मोठी माणसंसुद्धा पाठांतर झालं नसलं की हसत हसत तेच पुढे करायची. मी ठरवून टाकलं, सात वर्षं पूर्ण झाली की ते वचन बंद. "ही पळवाट आहे," मी म्हणायचे. तुमचे आजोबा, शांतवन, मला टीचरबाई म्हणत. "टीचरबाई, स्वर्गाच्या दारातसुद्धा तुम्ही वही घेऊनच बसणार."

आजोबांचा आवाज तुम्ही ऐकलेला नाही. त्याची टेपही नाही. ते काम करायचे त्या कारखान्याच्या टूलरूममध्ये सगळी मशिनं चालू असताना पलीकडच्या माणसाला ऐकू जाईल असा तो आवाज होता, पण ते कधी ओरडत नसत. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी बारा ते तीनच्या उपासनेत, वधस्तंभावरच्या प्रभूच्या सात उद्गारांपैकी पाचवा उद्गार, तहानेचा, दरवर्षी आजोबाच वाचायचे. ते वाचून खाली बसले की लोक नकळत आवंढा गिळत.

ज्या वर्षाचं मला सांगायचंय, त्या वर्षीचा लेंट कोरडा होता. नळाला एक दिवसाआड पाणी, तेही पहाटे. टाकीच्या तळाला लाल गाळ दिसायचा. दुपारी तीनच्या सुमारास ढग यायचे, राखेच्या रंगाचे, अगदी खाली. वारा पडायचा. बायका गच्चीवरचे कपडे काढायच्या, कोकिळा एकदम गप्प व्हायची. आणि पाऊस पडायचा नाही. संध्याकाळी ढग होते तसे सरकून जायचे. असं रोज. मार्चमध्ये आंब्याच्या मोहोरावर दोन सरी यायच्याच, तो इथला रिवाज. त्या वर्षी आल्या नाहीत. खालच्या मजल्यावरच्या आमच्या घरमालकीण राधाक्का, तीनशे वर्षांपूर्वी तंजावरच्या वाटेवर इथे उतरलेल्या मराठी घराण्यातल्या, फाटकात उभ्या राहून आकाशाकडे बघत म्हणायच्या, "हे काय खरं नाही बगा. येतंय, बसतंय, उठून जातंय. कुनाला तरी शोधत असल्यासारकं."

पहिल्या शुक्रवारी सभा आमच्या त्या सात-आठ घरांतल्या रूथमावशींकडे होती. आजोबांनी मेंढपाळाच्या स्तोत्रातली ओळ घेतली, अंधाऱ्या दरीतून जाण्याची. लहानपणापासून पाठ असलेली. दरीपर्यंत आले आणि शब्द एकमेकांना चिकटले.

"अहो, तोंडात काय सुपारी आहे?" मी सगळ्यांसमोर म्हणाले. "नीट, स्पष्ट म्हणा. पुन्हा म्हणा बघू."

सगळे हसले. तेही हसले. आणि वर्गातल्या मुलासारखं त्यांनी ते पुन्हा म्हटलं, हळू, एकेक अक्षर उचलून ठेवल्यासारखं. मी मान हलवली आणि वहीत लिहिलं.

त्यानंतर मी त्यांना दुरुस्तच करत राहिले. जेवताना, फोनवर, जिन्यात. माझे कान तयार होते ना, चाळीस मुलांच्या वर्गात कुणी शब्द खाल्ला तर मला शेवटच्या बाकावरचाही कळायचा. मला वाटलं, आळस आहे. वय झालं की माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात. राधाक्कांनीही एकदा जिन्यात अडवलं, "काय हो सार, स्वल्प जोरात बोला की. कान माजे म्हातारे झाले का तोंड तुमचं?" ते हात जोडून वर निघून आले. त्या आठवड्यात त्यांनी दुकानात चिठ्ठी लिहून न्यायला सुरुवात केली. मी म्हटलं, चला, शेवटी व्यवस्थितपणा आला.

एका रविवारी चर्चला निघालो. आजोबांनी रिक्षावाल्याला पत्ता सांगितला. त्याने दोनदा विचारलं, मग आरशातून माझ्याकडे बघून म्हणाला, "बेळग्गेने कुडिदिद्दारा, अम्मा?" सकाळी सकाळीच प्यायलेत का? मला इतकी लाज वाटली की मी उत्तरच दिलं नाही. आजोबांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नव्हता. ते बाहेर बघत बसले. रस्त्यावर चिरडलेल्या फुलांचा चिखल झाला होता. उतरल्यावर मला म्हणाले, "पाळकसाहेबांना सांगू नको. त्यांना वाटेल प्रवचनाच्या भीतीने घेतली." पाळकसाहेब हा शब्द काही त्यांना धड म्हणता आला नाही.

घरी मात्र ते मला फार भाविक झाल्यासारखे वाटत होते. कामावरून आले की जेवणाआधी शास्त्र घेऊन गच्चीवर जायचे. तासभर पानं उलटत बसायचे, ओठ हलायचे. मला अभिमान वाटायचा. वाळलेले कपडे काढायला मी वर गेले की पावलं न वाजवता परत यायचे.

तिसऱ्या शुक्रवारी, सगळे डोळे मिटून प्रार्थनेत असताना ते हसले. रूथमावशी एका आजारी बाळासाठी प्रार्थना करत होत्या आणि शेजारून हसण्याचा आवाज आला. मी डोळे उघडले. त्यांचं तोंड हसत होतं, पण डोळे हसत नव्हते. डोळे माझ्याकडे बघत होते, मदत मागत होते. हसणं थांबेना. ते उठून बाहेर गेले, आणि जिन्यात त्याच हसण्याचं रडणं झालं. तुमची आई तेव्हा तेरा वर्षांची होती. ती पाण्याचा ग्लास घेऊन मागे गेली. घोट घेतला आणि त्यांना असा ठसका लागला की ग्लास हातातून सुटला.

त्या क्षणी मला कळलं. काय आहे ते नाही कळलं. पण घरात काहीतरी येऊन बसलंय आणि बरेच दिवसांपासून बसलंय, हे कळलं.

डॉक्टर तरुण होते, फार हळू बोलायचे. त्यांनी जीभ बाहेर काढायला सांगितली. जीभ बाहेर होती, पण शांत नव्हती. उकळी येण्याआधी पातेल्याच्या तळाचं पाणी हलतं, तशी तिच्या कातडीखाली हालचाल होती. डॉक्टर ती बराच वेळ बघत राहिले. मग इंग्रजीत विचारलं, हे आधी कुणाच्या लक्षात आलं?

"माझ्या," मी म्हणाले.

"मग तुम्ही काय केलंत?"

मी त्यांना दुरुस्त केलं, हे इंग्रजीत सांगायला माझ्याजवळ शब्द होते. मी ते सांगितले नाहीत. पुढचं सगळं मला एकदा ऐकूनच समजलं, भाषांतराचा आडपडदा नव्हता. मज्जातंतूंचा आजार. औषध नाही. आधी वाचा जाईल, मग गिळणं, मग हात, मग श्वास. डोकं शेवटपर्यंत स्वच्छ राहील.

घरी आल्यावर मी वही काढली. त्यांच्या नावापुढची वचनं वाचत गेले. पहिल्या शुक्रवारी अडीच ओळी. दुसऱ्या शुक्रवारी दीड. तिसऱ्या शुक्रवारी अर्धी. माझ्याच हस्ताक्षरात, समास सोडून, नीट लिहिलेलं होतं. मग त्यांच्या खिशातली घडी केलेली यादी सापडली. तीस-चाळीस वचनं, बहुतेकांवर काट. राहिलेली मी मोठ्याने म्हणून बघितली. ओठांवरच होतील अशी निवडली होती. जीभ वळवावी लागते ते शब्द एकात नव्हते. गच्चीवर ते भक्ती करत नव्हते. आपल्या जिभेला झेपेल असं काही शास्त्रात उरलंय का, ते शोधत होते.

"कधीपासून माहीत होतं?" मी विचारलं.

"नाताळ."

"मला का नाही सांगितलं?"

त्यांनी बराच वेळ घेतला. आता त्यांना प्रत्येक वाक्याला वेळ लागायचा. "तू दुरुस्त करत होतीस. वाटलं... होईलही दुरुस्त."

हे वाक्य मी या पत्राआधी कुणालाही सांगितलेलं नाही. करुणा, तुलाही नाही.

पहाटे नळ आला की मी स्वयंपाकघरात बादलीमागून बादली लावायचे आणि तिथेच गुडघे टेकायचे. माझी प्रार्थनाही व्यवस्थित होती, मुद्देसूद. पाय घे. हात घे. मी भरवीन, मी उचलीन. फक्त आवाज ठेव, तो तुझ्याच कामाला लागलेला आहे. रोज तेच मागितलं. आणि जे सोडून बाकी सगळं घे म्हटलं होतं, तेच आधी जात होतं, रोज थोडं, मी मोजू शकेन अशा बेताने. बादली भरून वाहायची तरी माझ्या लक्षात यायचं नाही. एक दिवसाआड येणारं पाणी मोरीतून जायचं.

चौथ्या शुक्रवारी आम्ही सभेत सांगितलं. सगळे रडले. रूथमावशी मात्र मला बाजूला घेऊन म्हणाल्या, आणि बाजूला म्हणजे आजोबांना ऐकू जाईल इतक्याच बाजूला, "सरोज, घरात काही कबूल करायचं राहून गेलंय का? देव उगाच कुणाच्या जिभेवर हात ठेवत नाही."

रोज पहाटे मीही हेच शोधत होते. आजोबांनी खिशातून कागद काढला, लिहिलं आणि रूथमावशींच्या हातात दिला: "राहून गेलंय. तुमचा नाताळचा केक मला कधीच आवडला नाही."

रूथमावशींनी वाचलं. त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मग त्या अशा काही हसल्या की पदर तोंडात धरावा लागला. त्यानंतर दर मंगळवारी त्या आमच्याकडे येऊन आजोबांसाठी खीर घोटून मऊ करत, आणि कबुलीचा विषय त्यांनी परत काढला नाही. पण तो प्रश्न त्या माझ्या घरात ठेवून गेल्या होत्या. खीर ढवळताना तो तिथेच असायचा.

उत्तम शुक्रवार आला. पाळकसाहेबांनी पाचव्या उद्गारासाठी विचारलं होतं. आजोबांनी चिठ्ठी पाठवली, या वर्षी दुसऱ्याला द्या. दुसऱ्याने वाचलं, चांगलं वाचलं. तीन तास आम्ही बाकावर बसलो होतो. बाहेर ढग उतरले होते, खिडक्यांच्या रंगीत काचा काळ्या झाल्या होत्या, पंखे बंद पडले. तहानेचा उद्गार चालू असताना मी आजोबांच्या गळ्याकडे बघत होते. ते गिळायचा प्रयत्न करत होते, आणि गिळता येत नव्हतं.

संध्याकाळची सभा आमच्याकडे होती. वीज आलेली नव्हती, दोन कंदील लावले. वचनं सुरू झाली. तुमची आई आजोबांच्या आधी होती, मी त्यांच्यानंतर. माझं वचन तयार होतं, लांबलचक, विजयाचं, आठवडाभर घोकलेलं. मनात कुठेतरी हिशेब होता, की मी ते न अडखळता म्हटलं तर सगळ्यांना दिसेल, आमचा विश्वास शाबूत आहे.

करुणाचं झालं. आजोबांची पाळी आली. मला वाटलं होतं ते मान हलवतील आणि पाळी पुढे जाईल. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि ते लहान वचन म्हणायला सुरुवात केली. दोन शब्द. तारा, ते वचन तू आत्ता मोठ्याने म्हणून बघ. दुसऱ्या शब्दात तुझी जीभ कुठे कुठे जाते ते बघ. त्यांना न जमणारे सगळे आवाज एकापाठोपाठ एक तिथे होते. त्यांच्या यादीतल्या काट मारलेल्या वचनांत ते सगळ्यांत वर होतं, आणि ते त्यांनी घेतलं. किती वेळ लागला ते मला माहीत नाही. कंदिलाच्या काचेवर एक किडा आपटत होता, तो आवाज आठवतो. आवाज तुटला, पुन्हा उचलला, घशातून आला, नाकातून आला. शेवटचं अक्षर आलं तेव्हा त्यांच्या हनुवटीवरून लाळ ओघळली होती आणि तुमच्या आईने ती पुसली.

मग ती माझ्याकडे बघायला लागली. कारण हे वचन कुणी मोठ्या माणसाने म्हटलं की मी हरकत घ्यायचे, दरवेळी. ती वाट बघत होती. सगळेच बघत होते.

मी मुलांना रविवारच्या शाळेत ती गोष्ट कितीतरी वर्षं शिकवली होती. मित्र मरतो, प्रभू चार दिवस उशिरा येतो, कबरीवरची धोंड सरकवतात, मेलेला माणूस चालत बाहेर येतो. ते दोन शब्द मी नेहमी घाईने ओलांडायचे, धोंडीपर्यंत पोचायचं असायचं. थोड्याच वेळात आपण याला उठवणार आहोत हे माहीत असलेला देव आधी तिथे उभा राहून रडला, आणि का रडला हे कुणाला सांगितलं नाही. आजोबांनी बरं करण्याचं वचन घेतलं नाही, विजयाचं घेतलं नाही. ते तिथे जाऊन उभे राहिले.

माझी पाळी होती. मला माझं वचन आठवत होतं, अक्षरन् अक्षर. ते मला म्हणता आलं नाही. खूप वेळाने रूथमावशींनी पाळी पुढे न नेता प्रार्थनेला सुरुवात केली, आणि ती प्रार्थना प्रार्थना नव्हतीच, नुसतं "प्रभू, प्रभू" होतं.

त्या रात्रीही पाऊस पडला नाही.

आजोबांचा त्यानंतरचा एकही शब्द मला आठवत नाही. काही होते, पण ते शब्द राहिले नव्हते. पुढच्या वर्षीच्या नाताळाआधी ते गेले, पाटीवर लिहीत लिहीत, आणि शेवटी तेही नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याच क्रमाने सगळं गेलं. उत्तर आलं नाही. पहाटेच्या त्या मागण्यांपैकी एकही मान्य झाली नाही. हे मी तुम्हाला सरळ सांगते, कारण उद्या तुमच्याही दाराशी काहीतरी येईल, प्रत्येकाच्या येतं, आणि तेव्हा तुम्हाला वाटायला नको की आजीला देवाने सगळं दिलं म्हणून ती विश्वास ठेवायची.

पण त्या उत्तम शुक्रवारनंतर मी नळाखाली गुडघे टेकले तेव्हा माझ्याजवळ यादी नव्हती. आणि पहिल्यांदाच मला वाटलं नाही की मी एकटी आहे. एवढंच झालं. त्याहून जास्त झालं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. पुढच्या लेंटला मी पुन्हा त्या वर्तुळात बसले, आजोबा शेजारी खुर्चीत, गप्प. माझ्या विश्वासाचा पुरावा कुणी मागितला तर माझ्याजवळ तेवढंच आहे: मी पुन्हा बसले.

आज दुपारीही ढग आलेत. राधाक्का आता नाहीत, फाटकही बदललं. कोकिळा गप्प झालीय. वही माझ्यासमोर उघडी आहे. उत्तम शुक्रवारच्या पानावर आजोबांच्या नावापुढे ते दोन शब्द आहेत, माझ्या नेहमीच्या नीट अक्षरात. खाली माझं नाव आहे आणि पुढे जागा कोरी आहे. ती मी भरलेली नाही.

तर निकाल. नोहा, तू सात वर्षांचा झालास तरी ते वचन म्हणू शकतोस. मोठा झाल्यावरही. पण पळत पळत नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवायचे आणि प्रत्येक अक्षर जिथल्या तिथे लागू द्यायचं. आणि तारा, तू त्याच्या उजवीकडे बसतेस. त्याचं म्हणून झालं की लगेच तुझं सुरू करायचं नाहीस. थांबायचं. किती थांबायचं ते वहीत लिहिलेलं नाही. आईकडे बघ, तिला माहीत आहे.